होर्खचं नाव, होर्खविना

‘ऑडी आल्टरम पार्टम’ हे लॅटिन शब्द आपल्याकडच्या कोर्टांत रोज कुणी ना कुणी वकील उच्चारतोच. चौकशीविना बडतर्फ झालेला कर्मचारी असो, नाहीतर नोटीस न देता परवाना रद्द झालेला दुकानदार, युक्तिवादाची सुरुवात इथूनच होते: दुसऱ्या बाजूचंही ऐकून घ्या. 1977 मध्ये सरकारनं मनेका गांधींचा पासपोर्ट कारण न सांगता काढून घेतला, तेव्हा पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानं याच तत्त्वावर बोट ठेवलं होतं. वकिली बरी चालत असेल तर तेच वकीलसाहेब संध्याकाळी चार वर्तुळांच्या ज्या गाडीत बसून घरी जातात, तिच्या नावातही हाच ‘ऑडी’ आहे. हा निव्वळ योगायोग नाही. या गाडीचं नाव खरोखरच त्या वचनातून निघालं, आणि निघालं ते गाडी बनवणारा माणूस कोर्टात हरल्यामुळे.

त्या माणसाचं नाव ऑगस्ट होर्ख. (इंग्रजी स्पेलिंग पाहून ‘हॉर्च’ म्हणणारे बरेच आहेत. जर्मन उच्चार ‘होर्ख’ आणि ‘होर्श’ यांच्या मधे कुठेतरी पडतो. मी होर्ख लिहितो.) 1868 साली मोझेल नदीकाठच्या विनिंगन गावी एका लोहाराच्या घरी जन्म. मानहाइमला कार्ल बेंझच्या कारखान्यात मोटारी बांधणीच्या विभागाचा प्रमुख होईपर्यंत त्यानं मजल मारली, मग 1899 मध्ये कोलोनला ‘ए. होर्ख अँड कंपनी’ काढली. पुढे कारखाना सॅक्सनीत त्स्विकाऊला गेला, भागभांडवलाची कंपनी झाली, आणि भागभांडवल आलं की जे येतं तेही आलं. पैसे घालणाऱ्यांशी होर्खचं पटेना. 1909 मध्ये तो स्वतःच्याच नावाच्या कंपनीतून बाहेर पडला आणि महिन्याभरात त्याच गावात दुसरी कंपनी उभी केली. नाव? साहजिकच, ‘ऑगस्ट होर्ख’. जुन्या कंपनीनं दावा लावला. कोर्टानं सांगितलं, हे नाव आता कंपनीचं आहे, तुमचं नाही.

यापुढचा प्रसंग होर्खनं आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे. फ्रान्झ फिकेन्चर या भागीदाराच्या घरी मंडळी नव्या नावासाठी डोकं खाजवत बसली होती. कोपऱ्यात फिकेन्चरांचा शाळकरी मुलगा लॅटिनचा धडा गिरवत होता. मोठी माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, ही शिस्त तिथेही असावी, कारण बराच वेळ तो काहीतरी बोलायला तोंड उघडायचा आणि गिळून टाकायचा. शेवटी त्याच्यानं राहवेना. ‘बाबा, आउडियाटुर एट आल्टेरा पार्स’ असं तो म्हणाला, म्हणजे दुसऱ्या बाजूचंही ऐकलं जावं, आणि मग विचारलं, ‘होर्ख’ऐवजी ‘आउडी’ म्हटलं तर?

गंमत कळायला दोन्ही भाषा शेजारी ठेवाव्या लागतात. जर्मनमध्ये ‘होर्ख!’ ही आज्ञा आहे, अर्थ ‘ऐक!’. म्हणजे बिचाऱ्याचं आडनावच एक हुकूम होतं. लॅटिनमध्ये तोच हुकूम ‘आउडी’, म्हणजे आपण म्हणतो ती ‘ऑडी’. मराठीत भाषांतर करायचं तर ही गाडी ‘ऐक’ झाली असती. रस्त्यात कर्णकर्कश हॉर्न वाजवत जाणाऱ्या गाडीच्या नाकावर ‘ऐक’ लिहिलेलं पाहून बरं वाटलं असतं की वाईट, सांगता येत नाही. 1910 च्या एप्रिलमध्ये नव्या नावाची नोंद झाली. कोर्टानं नावाचा आवाज काढून घेतला होता, अर्थ त्या पोरानं परत मिळवून दिला.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथे थांबतात आणि टाळ्या घेतात. नायक होर्ख, खलनायक कंपनी आणि तिचं कोर्ट. माझं मत उलट आहे. कोर्टाचा निकाल बरोबर होता.

‘आडनाव माझं, मी ते का लावू नये?’ हा प्रश्न ऐकायला अगदी रास्त वाटतो. पण गिऱ्हाइकाच्या जागी उभं राहून पाहा. 1909 साली त्स्विकाऊत दोन होर्ख असते, तर तिसऱ्या गावाहून आलेल्या माणसानं दहा वर्षं जिची कीर्ती ऐकली ती गाडी कोणती, हे ओळखायचं कसं? आपल्याकडे हा प्रश्न रोजचा आहे. भावकीत वाटण्या होतात, दुकानाच्या दोन पाट्या होतात, एकावर ‘मूळ’ येतं, दुसऱ्यावर ‘जुने व प्रसिद्ध’, आणि पुण्यात तर ‘आमची कुठेही शाखा नाही’ ही पाटी म्हणजे स्वतंत्र साहित्यप्रकार झाला आहे. हसण्यावारी नेतो आपण, पण त्या पाटीचा अर्थ सरळ आहे: शेजारच्या गल्लीत आमचंच आडनाव लावून बसलेल्या माणसाकडे जाऊन फसू नका. आडनाव जन्मानं मिळतं. दुकानाचं नाव गिऱ्हाइकाच्या भरवशावर उभं राहतं, आणि तो भरवसा दुकान सोडून जाणाऱ्याच्या खिशातून बाहेर जात नाही.

शिवाय, जुन्या कंपनीनं होर्खचं नाव बुडवलं का? अजिबात नाही. तिथे पुढे मुख्य अभियंता म्हणून आला पाउल डाइम्लर, गॉटलीब डाइम्लरचा मुलगा. त्यानं 1926 मध्ये आठ सिलिंडरांची होर्ख आणली आणि ‘होर्ख’ हे जर्मनीतल्या आलिशान गाड्यांत मानाचं नाव झालं. म्हणजे डाइम्लरचा मुलगा होर्ख बनवतोय, आणि खुद्द होर्खनं काढलेला कारखाना ऑडी बनवतोय! आडनाव आणि गाडी यांची अशी अदलाबदल एकाच गावात पाहायला मिळाली. गिऱ्हाइकाचं त्यात काहीही बिघडलं नाही, कारण ‘होर्ख’ विकत घेणाऱ्याला होर्ख कारखान्याचीच गाडी मिळत होती.

स्वतःचं नाव गमावणारा होर्ख एकटा नव्हता. अमेरिकेत रॅन्सम ओल्ड्स 1904 मध्ये ओल्ड्समोबिलमधून बाहेर पडला आणि नव्या गाडीला त्याला आपली नुसती आद्याक्षरं लावावी लागली, आर.ई.ओ. लुई शेव्रोले दोनच वर्षांत आपल्या नावाची कंपनी सोडून गेला, नाव मागे राहिलं. इंग्लंडमध्ये वॉल्टर ओवेन बेंटली 1931 मध्ये आपल्या कंपनीसकट रोल्स-रॉइसकडे गेला, मालकाचा नोकर झाला आणि शेवटी 1935 मध्ये लागोंडा या दुसऱ्या मोटार कंपनीकडे निघून गेला. बेंटली आजही रस्त्यावर आहे. मनाला चटका लावणाऱ्या गोष्टी आहेत या, पण यातल्या कुणावर अन्याय झाला असं मला म्हणवत नाही. धंदा काढताना आपलं आडनाव त्याला दिलं, तेव्हाच ते घराबाहेर पडलं होतं.

उलट टोकाचा नमुनाही याच काळातला. एमिल येलिनेक हा नीसमध्ये राहणारा व्यापारी डाइम्लरच्या गाड्या विकायचा. 1901 च्या सुमारास आलेल्या नव्या गाडीला त्यानं आपल्या मुलीचं, मर्सेडीजचं नाव द्यायला लावलं. मूळ स्पॅनिश नाव, ‘कृपा’ या अर्थाचं. गाडी एवढी गाजली की 1903 मध्ये त्यानं स्वतःचंच आडनाव बदलून येलिनेक-मर्सेडीज करून घेतलं. मुलीच्या नावाची गाडी, आणि गाडीच्या नावाचा बाप. होर्खचं आडनाव कंपनीनं घेतलं, येलिनेकनं गाडीचं नाव आडनाव म्हणून लावलं. व्यापारातलं नाव आणि घरातलं नाव या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे याहून स्वच्छ कसं दिसणार?

मग माझी तक्रार कशाबद्दल आहे? नाव माणसापासून तुटण्याबद्दल नाही. नाव कामापासून तुटण्याबद्दल आहे.

रोल्स-रॉइसचं 1998 सालचं प्रकरण याचं नागडं उदाहरण. रोल्स-रॉइस मोटारींची तेव्हाची मालक व्हिकर्स कंपनी; तिनं हा मोटारींचा धंदा विकायला काढला. फोक्सवॅगननं सुमारे 43 कोटी पौंड मोजून इंग्लंडमधल्या क्रू गावचा कारखाना घेतला, जिथे रोल्स-रॉइस आणि बेंटली दोन्ही बनत. यंत्रं, आराखडे, कारागीर, बॉनेटवरची ती पंखवाली बाई, सगळं मिळालं. फक्त ‘रोल्स-रॉइस’ हे नाव मिळालं नाही, कारण 1970 च्या दशकात मूळ कंपनीची फाळणी झाली तेव्हा नावाचा हक्क विमानाची इंजिनं बनवणाऱ्या कंपनीकडे राहिला होता. त्यांनी ते बीएमडब्ल्यूला दिलं, सुमारे 4 कोटी पौंडांत. शेवटी तडजोड झाली, आणि 2003 च्या पहिल्या दिवसापासून रोल्स-रॉइस म्हणजे बीएमडब्ल्यूनं गुडवुडला नव्यानं बांधलेल्या कारखान्यातली गाडी. दुसऱ्या महायुद्धानंतर क्रूला पिढ्यान्‌पिढ्या रोल्स-रॉइस बनवणारे हात एका रात्रीत फक्त बेंटलीवाले झाले. त्यांच्या हातातलं कसब तसंच होतं. त्यावरचं नाव तेवढं उचलून दुसऱ्या गावी नेलं होतं.

गुडवुडच्या गाड्या वाईट आहेत असं मी म्हणत नाही, फार उत्तम आहेत म्हणतात. (त्या मी फक्त बाहेरूनच पाहिल्या आहेत, हे सांगायची गरज नसावी.) प्रश्न असा, की 1909 मध्ये ज्या तत्त्वावर ऑगस्ट होर्ख हरला, ते तत्त्व इथे कुठे गेलं? तिथे कायदा म्हणाला होता, नाव गिऱ्हाइकाच्या भरवशाचं आहे, ते कारखान्याला चिकटून राहील, माणसाबरोबर जाणार नाही. चांगलं तत्त्व. मग ते नाव कारखान्यापासून सोलून, सालीसारखं वेगळं विकताना त्याच भरवशाची आठवण का होत नाही? माणसाला एक नियम आणि भांडवलाला दुसरा, असं हे झालं.

आपला कायदाही याबाबतीत फार वेगळा नाही. 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याच्या 35 व्या कलमात एक चांगली तरतूद आहे: प्रामाणिकपणे स्वतःचं नाव वापरणाऱ्याला अडवता येणार नाही. पण 38 वं कलम सांगतं की नोंदलेलं नाव गुडविलसकट किंवा गुडविलशिवाय विकता येतं. गुडविल म्हणजे दुकानाची पत. पत सोडून नाव विकणं म्हणजे देव गाभाऱ्यात ठेवून देवळाची पाटी विकणं. अशा व्यवहाराची जाहिरात द्यावी अशी अट 42 व्या कलमात आहे, नाही असं नाही. पण जाहीर नोटिशीच्या रकान्यात बारीक टायपात छापलेला तो मजकूर कुणाच्या डोळ्यांसाठी असतो? ज्याला गाडी, मिक्सर किंवा लोणचं घ्यायचंय तो तो रकाना उघडतच नाही.

याच कायद्याच्या प्रांतातली एक मुंबईची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. 1945 साली जे.सी. आणि के.सी. महिंद्र या भावांनी मलिक गुलाम मुहम्मद यांच्याबरोबर कंपनी काढली, ‘महिंद्र अँड मोहम्मद’. फाळणी झाली, गुलाम मुहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. 1948 मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालं. आद्याक्षरं तीच राहिली. एका भागीदाराचं नाव पाटीवरून उतरलं आणि दुसऱ्याचं दोनदा लागलं, एवढंच. पुढे 1990 च्या दशकात ‘महेंद्र अँड महेंद्र पेपर मिल्स’ नावाची कंपनी निघाली, तेव्हा मूळ कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. महेंद्र हे तर घरोघरचं नाव, असा कागदवाल्यांचा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेलं आणि पेपर मिल हरली. निकाल मला पटतो. महेंद्र नावाच्या माणसानं महेंद्र हे नाव लावणं वेगळं, आणि मध्ये ‘अँड’ घालून ते दोनदा म्हणणं वेगळं. दुसऱ्या खेपेला नाव बोलत नाही, नक्कल बोलते.

म्हणून मला दोन गोष्टी हव्याशा वाटतात. धंदा विकून गेलेल्या माणसाला नावाची पाटी लावता येऊ नये हे ठीक, पण ‘हे मी बनवलं’ असं साध्या अक्षरांत सांगण्याचा त्याचा हक्क कुठल्याही करारानं काढून घेता येऊ नये. होर्खला रेडिएटरवर नाव नको, पण परिचयपत्रकात ‘अभियंता: ऑगस्ट होर्ख’ लिहायला कुणाची हरकत असावी? बेंटलीनं लागोंडात बसून बनवलेलं इंजिन बेंटलीचं आहे, हे म्हणू द्यायलाच हवं. आणि दुसरी गोष्ट, नाव कामापासून तोडून विकलं असेल तर ते वस्तूवरच, नावाच्या शेजारी, वाचता येईल अशा अक्षरांत लिहिलेलं असावं: हे नाव अमुक वर्षी विकत घेतलं, माल तमुक कारखान्याचा. ‘स्थापना 1899’ असं छापताना स्थापना कशाची, कारखान्याची की नुसत्या शब्दाची, हे सांगायला लावावं. औषधाच्या पाकिटावर बनवणारा कोण आणि विकणारा कोण हे वेगळं छापायला लावतो आपण. नावाला ही सूट कशासाठी?

यावर व्यवहारी माणसं म्हणतील, लोकांना याचं काही पडलेलं नसतं. मला तसं वाटत नाही, आणि पुरावा मुंबईच्याच रस्त्यावरचा आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्याला फियाटच्या परवान्यावर गाड्या बनवायची. सत्तरच्या दशकात फियाटचं नाव गाडीवरून गेलं. आधी ती ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली, मग 1974 पासून ‘प्रीमियर पद्मिनी’, चितोडच्या राणीचं नाव. एवढं देखणं, आपल्या मातीतलं नाव, पण टॅक्सीवाल्याच्या तोंडातून ‘फियाट’ काही गेलं नाही. मीटर टाकून गिअर मारताना तो गाडीच्या म्हातारपणाबद्दल बोलायचा तेव्हा म्हणायचा, ‘फियाटमध्ये दम होता, साहेब.’ डॅशबोर्डवर पद्मिनी लिहिलेलं असायचं आणि तो फियाटबद्दल बोलत असायचा. 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या या शेवटच्या काळ्या-पिवळ्या रस्त्यावरून उतरल्या, तोवर लोक तेच म्हणत होते. परवाना इटलीहून यायचा बंद झाला म्हणून रस्त्यावरच्या माणसानं आपल्या आठवणीवरचा हक्क सोडला नाही. फियाट हे खरं तर तुरीनच्या कारखान्याच्या नावाची आद्याक्षरं, पण लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थ ‘होऊ दे’. आणि हाही शब्द कोर्टाच्या भाषेत वावरणारा. लॅटिनचा आणि मोटारींचा हा घरोबा बघायला मजा येते.

आज ऑडीच्या गाड्यांची जुळणी मराठवाड्यात होते, शेंद्रा एमआयडीसीत, स्कोडाच्या कारखान्यात. स्कोडाचं नाव ज्या एमिल श्कोडाचं, त्यानं उभ्या आयुष्यात मोटार बनवली नाही. तो 1900 मध्येच वारला, आणि गाड्या बनवणारी लाउरिन अँड क्लेमेंट ही कंपनी श्कोडाच्या कारखान्यानं 1925 मध्ये गिळली. चेक भाषेत ‘श्कोडा’चा अर्थ नुकसान, किंवा हळहळून म्हटलेलं ‘अरेरे’. एकाच छपराखाली दोन नावं बसवली जातात: ज्यानं मोटार बनवली नाही त्याचं आडनाव, आणि ज्यानं बनवली त्याला आडनाव लावता आलं नाही म्हणून सुचलेला लॅटिन शब्द.

होर्ख आणि ऑडी पुढे 1932 मध्ये डीकेडब्ल्यू आणि वॉन्डरर या आणखी दोन जर्मन कंपन्यांबरोबर ‘ऑटो युनियन’मध्ये एकत्र आले. चार वर्तुळं ती हीच. (आपल्याकडच्या जावा मोटरसायकलीतला ‘वा’ही याच वॉन्डररचा, ‘जा’ तेवढा जावाचा संस्थापक यानेचेक याचा.) महायुद्धानंतर त्स्विकाऊ रशियन टापूत गेलं, त्या कारखान्यांतून पूर्व जर्मनीच्या छोट्या ट्रॅबंट मोटारी निघू लागल्या, आणि ऑडीचं नाव 1965 मध्ये पश्चिमेला इंगोलश्टाटहून पुन्हा रस्त्यावर आलं. तोवर ऑगस्ट होर्ख जाऊन 14 वर्षं झाली होती. ‘होर्ख’ या शब्दाची मालकी आता ऑडीकडेच आहे. 2021 मध्ये चीनच्या बाजारासाठी ऑडीनं आपल्या आलिशान ए8 गाडीची एक आवृत्ती काढली, तिचं नाव ‘होर्ख’. ते जुनं ‘एच’ चिन्हही तिच्यावर आहे. 1909 मध्ये होर्खला स्वतःच्या गाडीवर जे लावू दिलं नव्हतं, ते त्यानंच काढलेल्या कंपनीनं एका वरच्या दर्जाच्या जोडसामानासारखं लावलं. गाडी घेणाऱ्याला त्या पाच अक्षरांमागचा खटला कुणी सांगितला असेल का, शंकाच आहे.

त्स्विकाऊला आज मोटारींचं एक मोठं संग्रहालय आहे. इमारती जुन्या ऑडी कारखान्याच्या, दारावर पाटी ऑगस्ट होर्खची.